कुणाची भिंत रंगवतोय आपण? एका सर्व्हिस ट्रिपचं, म्हणजे शाळेने नेलेल्या सेवा-सहलीचं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या एका हायस्कूलच्या ग्रुपचं आहे. पंधरा ते सतरा वयाची मुलं, दोन टीचर, एक पालक, आणि २०२५ च्या स्प्रिंग ब्रेकमधला (मार्च-एप्रिलमधली शाळेची सुट्टी) एक आठवडा कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकच्या एका बातेयमध्ये. शाळेचं नाव नाही, वस्तीचं नाव नाही, मळा कुठल्या कंपनीचा तेही नाही, आणि दोन-तीन ग्रुपचे अनुभव मी इथे एकात घातलेत म्हणजे कुणी कुणाला ओळखायला नको. कायदे, तारखा, आकडे मात्र आहेत तसेच.

बातेय म्हणजे उसाच्या मळ्याच्या आतच वसवलेली मजुरांची वस्ती. एका ओळीत बांधलेल्या खोल्या, सामायिक नळ, एखादं उधारीवर चालणारं दुकान आणि चारही बाजूंना ऊस. जमीन मळ्याची, खोल्याही मळ्याच्या. तोडणीला माणसं शेजारच्या हैतीतून आणायचे, १९५२ पासून तर दोन सरकारांमध्ये तसे करारच होते, १९८६ ला हैतीतली दुवालिए घराण्याची हुकूमशाही पडल्यावर ते करार संपले पण माणसं यायची थांबली नाहीत, आणि आधी आलेली तिथेच राहिली, त्यांना मुलं झाली, नातवंडं झाली. तोडणीचा हंगाम साधारण डिसेंबर ते जून. म्हणजे स्प्रिंग ब्रेक बरोबर हंगामाच्या मधोमध येतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निघण्याआधी शाळेत दोन संध्याकाळी तयारी झाली. त्यातली दीड संध्याकाळ लस, डासांचं औषध, नळाचं पाणी पिऊ नका, फोन कुठे ठेवायचा यात गेली आणि ते बरोबरच आहे, दुसऱ्याची मुलं परदेशात न्यायची म्हणजे हे सगळं करावंच लागतं. उरलेल्या वेळात गरिबीवर एक स्लाइड शो. त्यात वर्ल्ड बँकेची अतिगरिबीची रेषा होती, तेव्हा ती दिवसाला २.१५ डॉलर होती (जून २०२५ मध्ये ती ३ डॉलर केली). एका मुलाने विचारलं की पण तिथे सगळं स्वस्त असेल ना, दोन डॉलरमध्ये तिथे बरंच येत असेल. टीचर म्हणाल्या, हो, तेही खरंय. आता ते खरं नाहीये. ही रेषा प्रत्येक देशातल्या किमती धरूनच काढतात, म्हणजे अमेरिकेत २.१५ डॉलरमध्ये जेवढं येतं तेवढ्यात पूर्ण दिवस काढायचा असा तिचा अर्थ. तिथली स्वस्ताई त्यात आधीच मोजलेली असते. टीचरना दोष द्यायचा नाहीये, हा गैरसमज भल्याभल्यांना असतो, पण मुलं निघाली ती डोक्यात हे घेऊन की गरिबी म्हणजे थोडे पैसे आणि थोड्या वस्तू, बाकी त्यांचं त्यांच्या हिशोबात बरं चाललेलं असतं.

पहिले दोन-अडीच दिवस नेहमीसारखे. सकाळी खोल्यांच्या भिंती खरवडून रंगवायच्या, दुपारी लहान मुलांसोबत खेळ आणि थोडं इंग्रजी, रात्री मुक्कामाच्या जागी गोल करून बसायचं आणि एकेकाने सांगायचं की आज कशाबद्दल कृतज्ञ वाटलं. रोज डायरी लिहायची होती, ती टीचर वाचणार हे मुलांना माहीत होतं. डायऱ्यांमध्ये काय आलं असेल ते अशा ट्रिपला गेलेलं कुणीही सांगेल. यांच्याकडे काहीच नाही तरी हे किती आनंदी आहेत, आम्ही उगाच तक्रारी करतो, घरी गेल्यावर मी फोन कमी वापरणार.

या वाक्यावर हसायला सोपं आहे म्हणून मी हसणार नाही. पोराने जे बघितलं तेच लिहिलं. पण त्याने कुठला आठवडा बघितला तेही बघा ना, वस्तीत परदेशी पाहुणे आलेत, शाळा अर्धी सुटलीय, बॉल आलेत, कुणीतरी खांद्यावर घेऊन फिरवतंय, अशा आठवड्यात आठ वर्षांचं पोर जगात कुठेही खुशच दिसणार. त्याच पोराचा ऑक्टोबरमधला मंगळवार कुणी बघितलेला नाही.

मला त्याहून गंभीर वाटलं ते एका मुलीने लिहिलेलं. तिने लिहिलं की इथे बायका आणि मुलंच दिसतात, बाप कुठेच नाहीत, बहुतेक सोडून गेले असावेत, म्हणून ही गरिबी. मुलगी हुशार, चांगल्या मार्कांची, आणि तिने डोळ्यासमोरच्या गोष्टीवरून कारण शोधलं, म्हणजे आपण शाळेत जे करायला शिकवतो तेच. फक्त बाप उसात होते. तोडणारे उजाडायच्या आत बाहेर पडतात आणि ग्रुप संध्याकाळी बसमध्ये बसून मुक्कामाला निघून जायचा, त्यामुळे आठवड्यातला एकही बाप तिला दिसण्याची सोयच वेळापत्रकात नव्हती. वेळापत्रकाने तिला एक निष्कर्ष शिकवला आणि तो चुकीचा होता, आणि कुणी काही बोललं नसतं तर तो तसाच कॉलेज प्रवेशाच्या निबंधात गेला असता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी रुळावरून घसरली, म्हणजे माझ्या मते रुळावर आली.

ग्रुपसोबत दुभाषा म्हणून वस्तीतलाच एक मुलगा होता, अठरा वर्षांचा, तिथेच जन्मलेला, स्पॅनिश आणि क्रेयॉल (हैतीतली भाषा) दोन्ही सफाईने आणि इंग्रजी कामापुरतं. रंग वाळेपर्यंत गप्पा चालल्या होत्या, त्या वयात अमेरिकन मुलांच्या गप्पा फिरून फिरून एकाच विषयावर येतात, कुठल्या कॉलेजला अप्लाय केलंस. त्याला पण तेच विचारलं. तो म्हणाला, कुठेच नाही, माझ्याकडे सेदुला नाही. सेदुला म्हणजे तिथलं ओळखपत्र. ते नसेल तर शाळेच्या शेवटची राष्ट्रीय परीक्षा अडते, कॉलेज नाही, बँकेत खातं नाही, कागदावरची नोकरी नाही, पुढे लग्न आणि मुलांची नोंद सुद्धा अडते. मुलांना वाटलं हरवलं असेल, मग दुसरं काढ. तो म्हणाला, मला मिळालंच नाही, माझ्या बहिणीला आहे.

मुलं इथे थांबली, कारण एकच आई, एकच बाप, एकच वस्ती, मग बहिणीला आहे आणि याला का नाही?

आता हे नीट सांगावं लागेल. आईबापांकडे फक्त मळ्याने दिलेलं कामगार कार्ड होतं. नव्वदच्या दशकात बहीण झाली तेव्हा नोंदणी कचेरीत त्या कार्डावर जन्माची नोंद करून घेत. मार्च २००७ मध्ये नागरी नोंदणी बघणाऱ्या मंडळाने परिपत्रक काढलं की परदेशी आईबापांच्या मुलांचे दाखले देताना कसून तपासा, आणि हा मुलगा नेमका त्याच सुमाराला जन्मला, कचेरीतून परत पाठवलं. मग २३ सप्टेंबर २०१३ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाचा १६८-१३ नंबरचा निकाल आला. हुलियाना देगिस नावाच्या, त्याच देशात जन्मलेल्या आणि जन्माची नोंद असलेल्या बाईचं प्रकरण होतं, सेदुला काढायला गेली तर दाखलाच काढून घेतला होता. न्यायालय म्हणालं, आईबाप कायदेशीर रहिवासी नसतील तर इथे जन्मून नागरिकत्व मिळत नाही, आणि हे लागू १९२९ पासूनच्या सगळ्यांना. चौऱ्याऐंशी वर्षं मागे जाऊन. दोन लाखांवर माणसं एका निकालात अधांतरी. जगभरातून ओरड झाल्यावर मे २०१४ मध्ये १६९-१४ हा कायदा केला, त्यात दोन गट. ज्यांची जन्मनोंद आधी झाली होती त्यांना ती परत, म्हणजे बहीण सुटली. ज्यांची कधीच झाली नव्हती त्यांनी आधी स्वतःला परदेशी म्हणून नोंदवायचं, मग पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करायचा, आणि त्याची मुदत फेब्रुवारी २०१५ च्या सुरुवातीला संपली. देशभरातून ८,७५५ जणांनी नोंदवलं. हा तेव्हा लहान होता, घरच्यांकडे लागणारे कागद नव्हते, आणि स्वतःच्या जन्मगावात परदेशी म्हणून सही करायची भीती होती ती वेगळीच.

त्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने आठवड्याला दहा हजारपर्यंत लोकांना हैतीत परत पाठवायचं जाहीर केलं, त्यामुळे हा मुलगा बसने शहरात जायचं टाळतो, नाक्यावर इमिग्रेशनवाले बसमध्ये चढतात. ज्या देशात पाठवतील तो त्याने बघितलेला सुद्धा नाही.

रंगाचे ब्रश तसेच राहिले. एका मुलाने विचारलं की मग याला घर रंगवून काय मिळतं, आणि दुसऱ्याने त्याहून अवघड विचारलं, थांब, ही खोली तरी यांची आहे का? नव्हती. मळ्याची होती. म्हणजे फी भरून, विमानाने येऊन, हायस्कूलची मुलं घरमालकाची भिंत फुकटात रंगवून देत होती, आणि घरमालक एक कंपनी होती.

आता प्रकरणाचा खरा पेच इथे आहे. रात्रीच्या गोलात भिंतीचा प्रश्न परत आला, तेव्हा स्थानिक कोऑर्डिनेटर बाई गप्प बसल्या आणि नंतर टीचरना बाजूला घेऊन म्हणाल्या, हे प्रश्न बरोबर आहेत पण वस्तीत उभं राहून विचारू नका, आत यायला आम्हाला मळ्याची परवानगी लागते, तुम्ही शनिवारी जाल, आम्ही सोमवारी इथेच असू. सोबत आलेल्या पालकांचं म्हणणं वेगळं, मुलांना मदत करायला आणलंय, दुसऱ्या देशाच्या राजकारणात पाडायला नाही, आणि आईबापांनी सही केलेल्या फॉर्मवर यातलं काहीच नव्हतं. दोघांचंही खोटं नाही. टीचरपुढे तीन वाटा होत्या. ठरलेलं काम तसंच चालू ठेवायचं आणि बोलणं घरी गेल्यावर. रंगकाम बंद करून उरलेला आठवडा याच विषयाला द्यायचा. किंवा मधलं काहीतरी.

त्यांनी मधलं निवडलं आणि मला वाटतं ते घाबरून निवडलेलं नव्हतं. रंगकाम सकाळपुरतं ठेवलं, कारण अर्ध्या भिंती सोडून जाणं म्हणजे वस्तीतल्या बायकांना उगाच त्रास. दुपारी मुलांना वस्तीबाहेर, शहरात कागदपत्रांच्या केसेस बघणाऱ्या एका वकिलीण बाईंकडे नेलं. तिथे प्रश्न मोकळेपणी विचारता आले आणि वस्तीतल्या कुणावर बालंट आलं नाही. दुभाष्याला आधी विचारलं की तुझी गोष्ट आम्ही यात घेऊ का. त्याने अटी घातल्या. फोटो नाही, नाव नाही, आणि दुभाषाचे तासाप्रमाणे पैसे द्या.

ही शेवटची अट ऐकून मोठी माणसं चपापली. तीन दिवस तो फुकट बोलत होता. ट्रिपच्या बजेटमध्ये विमान होतं, बस होती, टी-शर्ट होते, पण ज्याच्याशिवाय एक वाक्य इकडचं तिकडे गेलं नसतं त्याच्यासाठी ओळच नव्हती, तो 'व्हॉलंटियर' धरला होता. गरिबीवरचा आख्खा स्लाइड शो एकीकडे आणि ही बजेटची शीट एकीकडे, मला विचाराल तर मुलांना दुसरी दाखवावी. टीचरनी टी-शर्टच्या पैशातून त्याचे पैसे दिले आणि मुलांना तसं सांगितलंही.

आणखी एक गोष्ट बदलली, एक दिवस ग्रुप संध्याकाळी उशिरापर्यंत थांबला. बाप परत आले. काळे पडलेले कपडे, हातात कोयते. एका वयस्क तोडणाऱ्याने सांगितलं की पैसे टनावर मिळतात, पण ऊस तोलतात तिथे तोडणारा उभा नसतो, किती भरला ते नंतर कळतं. ही तिथली फार जुनी तक्रार आहे, एका माणसाची नाही. डायरीत बाप सोडून गेले लिहिणारी मुलगी तिथे होती. तिने वजनाची चिठ्ठी कशी असते ते विचारलं, कोण सही करतं विचारलं, आणि त्या रात्री आधीचं पान फाडलं नाही, खाली तारीख टाकून नवीन लिहिलं. टीचरनी फाडू नका असं सगळ्यांनाच सांगितलं होतं, हा मला त्या आठवड्यातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. आधी काय वाटत होतं ते समोर राहिलं तरच ते कुठून आलं ते शोधता येतं.

मग स्वतःच्या देशाचा धागा पण निघालाच. अमेरिका कमी करात कच्ची साखर आणू देते त्या कोट्यात सगळ्यात मोठा वाटा डोमिनिकन रिपब्लिकचा असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने तिथल्या सेंट्राल रोमाना कंपनीची साखर बंदरावर अडवायचा आदेश काढला, सक्तीच्या मजुरीच्या खुणा दिसतात म्हणून, कंपनीने आरोप नाकारले, मार्च २०२५ मध्ये कस्टम्सने आदेश मागे घेतला. मुलांना हे वकिलीण बाईंनी सांगितलं आणि त्यांना धक्का कशाचा बसला तर आपल्या घरातली साखर आणि ही वस्ती यांच्यामध्ये एक सरकारी टेबल आहे, ज्यावर कुणीतरी हो-नाही लिहितं, याचा. तोपर्यंत गरिबी हवामानासारखी वाटत होती, आहे तिथे आहे.

शेवटच्या दिवशी बीच. हे असतंच. दोघा मुलांनी जायला नकार दिला, टीचरनी ऐकलं नाही, सगळे गेले. मला हे पटलं, कारण बीचवर जे दिसलं तेही अभ्यासातच येतं. २०२३ मध्ये या देशात एक कोटीच्या वर पर्यटक आले, वर्ल्ड बँकेच्या यादीत तो वरच्या मध्यम उत्पन्न गटात आहे, म्हणजे 'गरीब देशात गेलो होतो' हे वाक्यच लंगडं. रिसॉर्टमध्ये हजारो नोकऱ्या आहेत आणि इंग्रजी येणाऱ्या पोराला त्या हव्यातच, पण सेदुला दाखवा. जाताना नाक्यावर ग्रुपच्या बसला हात दाखवून पुढे सोडलं, कुणी पासपोर्ट विचारला नाही. दुभाषा त्या बसमध्ये नव्हता, त्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं की मी येणार नाही.

परत आल्यावर काय झालं ते थोडक्यात. सगळी मुलं बदलली असं अजिबात नाही. निम्म्या डायऱ्या शेवटच्या पानापर्यंत 'किती नशीबवान आहोत आम्ही' वरच राहिल्या. शाळेतल्या प्रेझेंटेशनला लहान मुलांना उचलून घेतलेले फोटो लावायचे नाहीत असं तिघा-चौघांनी सांगितलं, त्यावर बराच वाद झाला, शेवटी काही लागले. दोघांनी साखरेच्या कोट्यावर प्रोजेक्ट केला. आणि सर्व्हिस अवर्सचा, म्हणजे शाळेत समाजसेवेचे तास धरतात त्याचा, फॉर्म आला तेव्हा कळलं की त्यात फक्त 'काम' मोजतात, म्हणजे भिंतीसमोरचे तास धरले, वकिलाकडे बसलेले नाही. जी मुलं सगळ्यात जास्त शिकली त्यांचे तास सगळ्यात कमी भरले. हे फॉर्म बनवणाऱ्यांना मी दोष देईन, मोकळेपणाने देईन. शाळा जे मोजते तेच मुलं करतात.

यावर लोक लगेच म्हणतात, मग जायचंच कशाला, पैसे पाठवा. या म्हणण्याला आधार आहे. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये बाहेरून आलेल्या ग्रुपनी आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांची तुलना कॅल्विन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी केली. स्थानिक संस्था साधारण २,००० डॉलरमध्ये घर बांधत होती, बाहेरच्या ग्रुपचा विमानासकट खर्च ३०,००० च्या आसपास जात होता, आणि घरात राहणाऱ्यांना कुणी बांधलं याने काही फरक पडला नव्हता. त्याहून बोचणारं म्हणजे जाऊन आलेल्यांच्या पुढच्या वागण्यात आणि देणग्यांमध्येही म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे मदत म्हणून महाग आणि शिक्षण म्हणून फुसकं.

शिक्षण फुसकं का निघतं, तर मुलांना काम दिलं जातं आणि प्रश्न काढून घेतला जातो, असं माझं मत. या प्रकरणात भिंत तीच, मुलं तीच, फरक पडला तो एका पोराने मालक कोण विचारलं आणि मोठ्या माणसाने तो प्रश्न रात्रीच्या कृतज्ञतेत बुडवला नाही म्हणून.

पण पैसे पाठवण्याचं सोपं उत्तर इथे अडलं. टीचरनी पुढच्या वर्षासाठी शाळेला लिहून दिलं, मुलं निम्मी न्यायची, दिवस कमी, रंगकाम नाही, आणि वाचलेले पैसे वर्षभर त्या वकिलीण बाईंच्या केसेसना आणि दुभाषांच्या पगाराला. पालकांच्या मीटिंगमध्ये एकाने सरळ सांगितलं, माझी मुलगी जात असेल तर मी चेक लिहीन, जात नसेल तर नाही. बरेच जण मनात तेच म्हणत असणार, हा बोलला तरी. तिकडे कोऑर्डिनेटर बाईंना योजना कळवली तर त्यांनी हिशोब पाठवला. वस्तीतल्या दुपारच्या वर्गाच्या बाईंचा पगार अशा ग्रुपच्या फीमधून निघतो, मुलं निम्मी आली तर तो मध्येच बंद पडेल, म्हणून त्यांचं म्हणणं, भिंती हव्या तर सोडा पण मुलं तेवढीच आणा. शाळेने अजून काही ठरवलेलं नाही. मी टीचरना एवढंच सुचवलंय की काहीही ठरवा, पण पालकांना जाणाऱ्या पत्रात तो पगाराचा आकडा घाला, दुभाषाची ओळ घाला, आणि तास मोजायचा फॉर्म आधी बदलून घ्या.